अम्माच्या हातचं गरगूर

जून अर्धा सरला तशी बहारिनमधल्या बुसैतीनच्या किनाऱ्यावरची दुपार बंद पडली. दुपारभर उन्हात काम करायचं नाही असा कायदाच आहे, आणि गरगूर विणायची शेड म्हणजे चार खांब नि वर पत्रा. तिथे ऊन काय नि सावली काय, सारखंच. तौकीर पहाटे पाचला जायचा तो साडेअकराला घरी यायचा. अंगातला शर्ट मिठाने पापडासारखा कडक झालेला असायचा. त्याची बायको मुनीरा तो बादलीत बुडवायची आणि त्याच्यापुढे ताकाचा तांब्या ठेवायची.

गरगूर म्हणजे मासे धरायचा तारेचा पिंजरा. पालथ्या टोपलीसारखा घुमट, खाली सपाट तळ, आणि एका अंगाला मासा शिरायला निमुळतं होत गेलेलं नरडं. मासा त्या नरड्यातून आरामात आत येतो, पण मागे फिरायला गेला की आत वळवलेली तारेची टोकं त्याला अडवतात. हे सगळं हाताने विणायचं. तौकीर वीस वर्षं घुमट विणत होता. नरडं मात्र त्याने कधी केलं नव्हतं. शेडमध्ये ते काम एका म्हाताऱ्या कारागिराकडे असायचं, आणि घरी आणलेल्या कामात ते अम्मा करायची.

अम्मा म्हणजे खदिजा, तौकीरची आई. फेब्रुवारीत गेली. साखर वाढली, ताप चढला आणि तीन दिवसांत सगळं आटोपलं. मुहर्रकच्या कब्रस्तानात तिला ठेवलं. तिथे कबरीवर नाव घालत नाहीत, उशाला नुसता दगड. तौकीर दोनदा जाऊन आला. दुसऱ्या खेपेला तो कोणत्या दगडापाशी उभा राहून दुवा मागून आला हे त्याचं त्यालाही खात्रीने सांगता येईना. तिचे कपडे रिवाजाप्रमाणे वाटून टाकले होते. चष्मा होता, जपाची तसबी होती. पण तिने हाताने केलेली एकही वस्तू घरात नव्हती, कारण तिने जे जे केलं ते सगळं समुद्रात गेलं होतं.

गुरुवारी दुपारी नाखवा दारात आला. हा बहारिनी म्हातारा, स्वतःचं लाँच असलेला. दारातूनच म्हणाला, "तौकीर, पुराना गरगूर सब खलास. जंग खा गया. भंगारवाला ले जाएगा."

"अम्मावाले?" तौकीरने विचारलं.

"वो भी. एक बाकी है, पानी में. अच्छा है. मछली आता है उसमें."

तौकीर ताट बाजूला सारून उठला. "वो मेरे को दे दो."

नाखव्याने दाढी खाजवली. माणूस वाईट नव्हता, पण धंदा तो धंदा. "चार नया दो, एक लेके जाओ. लेकिन गला अम्मा जैसा होना. ढीला नहीं चलेगा."

"दूँगा. इस महीने में."

"इंशाल्ला," म्हणून नाखवा गेला.

स्वयंपाकघरात मुनीरा तांदळाची भाकरी थापत होती. तिचे हात परातीत तसेच थांबले. तव्यावरची भाकरी करपली तरी तिच्या लक्षात आलं नाही. कारण समुद्रात राहिलेलं ते एकुलतं एक गरगूर आणि भंगारात निघालेली बाकीची, या सगळ्यांची नरडी, अम्माच्या नावाने ज्यांचं कौतुक झालं ती, अम्माने विणलेली नव्हती. ती मुनीराने विणली होती. आणि हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातलं एक आता मातीखाली होतं.

*

अम्मा इथे आली ती महिन्याभरासाठी. लेक जिकरा तेव्हा चार वर्षांची होती, आणि मुनीराचं दुसरं बाळंतपण बिघडलं होतं. बाळ राहिलं नाही. अम्मा विमानातून उतरली ती हातात सुक्या बोंबलांची पिशवी घट्ट धरून, आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या म्हणाली, "पानी तापव रे तौकीर." चाळीस दिवस तिने सुनेला कढत पाण्याने न्हाऊ घातलं, पाठ शेकली, हळिवाची खीर भरवली. बाळाबद्दल एक शब्द बोलली नाही. एकदाच, पाठीवर पाणी ओतता ओतता तिचा हात थांबला आणि ती म्हणाली, "माजं पन एक गेलंला. तौकीरच्या आधी." एवढंच बोलून पुन्हा तांब्या भरला. त्या दिवसापासून मुनीराला स्वतःच्या आईपेक्षा ही सासू जवळची झाली. पुढे महिना गेला, वर्ष गेलं, म्हातारी राहिली ती आठ वर्षं राहिली.

दाभोळच्या खाडीकाठचं तिचं गाव. नवरा लवकर गेला. दोन पोरं पदरात, तौकीर आणि रहिमतुल्ला. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन ती चढाच्या वाड्यावस्त्यांवर हिंडायची. पावसाळ्यात मासळी बंद झाली की पडवीत बसून बांबूच्या काड्यांची खोइनं करायची. ओढ्याच्या तोंडाशी खोइन लावलं की चढणीचे मासे आपसूक आत. त्यामुळे बहारिनला पहिल्यांदा गरगूर बघितल्यावर तिने त्याच्याभोवती एक फेरी मारली, नरड्यात हात घालून बघितला आणि निकाल दिला, "हे पन खोइनच. पन करनाऱ्याला अक्कल नाय. ह्यातनं मासा जाईल नि तुजा नाखवा बोंबलंल."

दुसऱ्या दिवशी तौकीरने हौसेने तारेचं भेंडोळं घरी आणलं. अम्माने पक्कड नको म्हटलं, हातानेच तार वळवली, बोटं रक्ताळली, शिव्या घातल्या, आणि चौथ्या दिवशी असं नरडं केलं की नाखवा स्वतः बघायला आला. ती मराठीतून त्याला फैलावर घ्यायची, तो अरबीतून उत्तर द्यायचा, आणि दोघांचं बरोबर जमायचं. बाजारातही तसंच. मासेवाल्याच्या तोंडावर मासा उलटा करून ती त्याचे कल्ले दाखवायची आणि चारचौघांत त्याला विचारायची, "तुज्या घरी हा खातंस काय रे तू?" तो बिचारा हसून दुसरा मासा काढायचा.

मग दोन वर्षांमागे एका संध्याकाळी तिने चहा कपाच्या बाहेर ओतला.

"गो, कप हलवलास काय?" तिने विचारलं.

कप हललेला नव्हता. मुनीराने जमीन पुसली. पण अम्माला कळलं की हिला कळलं. रात्रीची भांडी घासताना ती जवळ येऊन उभी राहिली. "मना उजेड दिसतंय. मानूस आला-गेला समजतंय. तोंड दिसत नाय गो कोनाचं."

"ह्यांना सांगूया. ऑपरेशन करतील."

"तौकीर मना गावी धाडंल. म्हनंल, रहिमतुल्लाकडं ऱ्हा, आराम कर. मी जात नाय. पोरीला सोडून जात नाय नि तुना पन सोडून जात नाय. तोंड उघडलंस तर बघ."

मुनीराने तोंड उघडलं नाही. का नाही उघडलं, हे तिने नंतर स्वतःला शंभरदा विचारलं. म्हातारी गावी गेली तर हे घर तिला खायला उठलं असतं, हे खरं कारण होतं, आणि ते तिला लपवताही येत नव्हतं. मग घरातली प्रत्येक वस्तू ठरल्या जागी राहू लागली. ताटात भात उजवीकडे, कालवण डावीकडे. मासळीतले काटे मुनीरा आधीच काढून ठेवायची. तौकीर बघायचा आणि मनात खूश व्हायचा, बायको आईची किती उठबस करते म्हणून. आणि तो कामावर गेला, जिकरा शाळेत गेली की दार लावून सासू-सून नरडी विणायला बसायच्या. तार मुनीराच्या हातात असायची.

दीड वर्ष असं चाललं. डोळ्यांचं ऑपरेशन झालं असतं तर म्हातारीला नातीचं तोंड दिसलं असतं, हा काटा मुनीराच्या घशात अडकून बसला होता. आता नवऱ्याला खरं सांगायचं तर हेही सांगावं लागणार होतं.

*

दिवाणखान्यातला सोफा भिंतीला गेला आणि मध्ये तारेचं भेंडोळं आलं. तौकीर शेडमधून यायचा, जेवायचा, आणि झोपायच्या वेळेला घुमट विणायला बसायचा. एसी घरघरत होता तरी त्याच्या कपाळावरून घाम हनुवटीवर यायचा. पायाच्या अंगठ्यात तार धरून, दोन्ही हातांनी पीळ देत, षटकोनाला षटकोन जोडत तो गोल गोल सरकायचा. वीस वर्षांचा हात. घुमट दोन दिवसांत उभा राहायचा. पण नरड्याशी आला की त्याचं घोडं अडायचं. कधी तोंड फाकायचं, कधी एक बाजू बसायची. मग तो सगळं उसवायचा, आणि उसवलेली तार पुन्हा सरळ होत नाही म्हणून ती फेकायचा.

"अम्मी, व्हाय कान्ट ही जस्ट बाय वन?" जिकराने विचारलं. बारा वर्षांची पोरगी. मराठी सगळं समजायचं, तोंडातून मात्र इंग्लिश यायचं.

"विकत मिळत नाय तसं," मुनीरा म्हणाली.

तौकीरच्या तळहाताला चीर पडली. मुनीराने हळद दाबली. बोलावं की नको करत शेवटी ती म्हणाली, "मी बघू काय करून? नरडं?"

तो हसला. वाईट मनाने नव्हे, लेकराच्या बोलण्यावर हसावं तसा. "तुना काय जमनार? भाकरी हाय काय ती? अम्माचा हात होता तो."

मुनीराने हळदीची डबी उचलली आणि आत गेली. तिला राग आला, आणि रागापेक्षा जास्त हसू आलं, आणि मग अम्मा असती तर ओढणी तोंडात कोंबून किती हसली असती ते आठवून रडू आलं. तिने कांदे चिरायला घेतले म्हणजे विचारायला नको.

पंधरा दिवसांत चार गरगुरं झाली. नाखव्याने पिकअपमधून ती उतरवून घेतली, एकेकाच्या नरड्यात मूठ घातली आणि दोन तिथेच बाजूला काढली. शेडमधले सगळे बघत होते. त्यात नवा आलेला उबेदही होता, ज्याला तौकीरनेच काम शिकवलं होतं.

"ये मफी, नहीं चलेगा," नाखवा म्हणाला. "ये बच्चा लोग का काम. वापस ले जाओ."

ती दोन गरगुरं घेऊन तौकीर घरी आला, जिन्यावरून वर चढवताना दोनदा भिंतीला अडकली. तो न जेवता झोपला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेल्यावर मुनीराने जिकराला सांगितलं, "तू तुज्या खोलीत बस. मना दोन तास हाक मारू नको." मग तिने नवऱ्याची पक्कड घेतली, दोन्ही नरडी कापून काढली आणि नव्याने विणायला बसली. पाच महिन्यांत हाताला सवय राहिली नव्हती. पहिला पीळ चुकला. तिच्या कानात अम्मा बोलली, "आंधळी मी हाय का तू?" तिने पीळ सोडवला आणि पुन्हा घेतला. पहिलं नरडं त्या सकाळी झालं, दुसरं पुढच्या सकाळी. रोज साडेअकराच्या आत तिने तारेचे तुकडे झाडून काढले आणि आमटीला फोडणी दिली.

तिसऱ्या दिवशी तौकीर ती दोन्ही उसवायची म्हणून घेऊन बसला आणि त्याने नरड्यात मूठ घातली. बराच वेळ घालून ठेवली. "एवढी काय वाईट नायत," तो म्हणाला. "नाखव्याचं डोकं फिरलंय." तसाच तो ती परत घेऊन गेला, आणि नाखव्याने मूठ घालून "तमाम", ठीक वगैरे काही न म्हणता नुसती मान हलवली, म्हणजे पसंत. घरी आल्यावर तौकीरची मिजास बघण्यासारखी होती. "शेवटी रक्त कुनाचं? खदिजाचा लेक हाय मी," असं त्याने रहिमतुल्लाला गावी फोन करून सांगितलं. मुनीरा ऐकत होती. तिने त्याच्या ताटात तळलेल्या साफी माशाचा एक तुकडा जास्त वाढला.

*

शनिवारी सकाळी नाखव्याचं लाँच आलं, आणि दहाच्या सुमाराला तौकीर ते गरगूर घेऊन घरी आला. दाराच्या चौकटीतून ते आडवं करून आत घेतलं. तारेचा रंग गेलेला, जागोजागी गंज, खालच्या बाजूला शिंपले चिकटलेले आणि शेवाळाचा वास. जिकराने नाक धरलं.

"हात लाव," तौकीर तिला म्हणाला. "बघ. हा एकेक पीळ दादीने दिलाय. असा सारखा पीळ अख्ख्या बुसैतीनमध्ये कोन देत नाय."

जिकराने एका बोटाने हात लावला. तौकीर भिंतीवर उंच जागा शोधत होता, खिळे कुठे मारायचे ते बोलत होता. जुम्याला जमातीतल्या लोकांना बोलावतो म्हणाला, आईच्या हातचं काम सगळ्यांना दाखवतो म्हणाला. त्याचा चेहरा फेब्रुवारीपासून पहिल्यांदा मोकळा झाला होता. गप्प बसायचं असेल तर हीच वेळ होती, आणि मुनीराला गप्प बसणं जमण्यासारखं होतं. पण तो चारचौघांत तिचा पीळ अम्माचा म्हणून दाखवील, आणि जन्मभर रोज सकाळी त्या भिंतीकडे बघील, हे तिला सोसवेना. त्याला खोट्याला सलाम करायला लावायचं, तेही आईच्या नावाने.

"अवो," ती म्हणाली, "जरा बसा."

तो बसला नाही. तिने उभ्या उभ्याच सांगितलं. कपाबाहेर सांडलेला चहा, काटे काढलेली मासळी, लावलेलं दार, सगळं. तिने ते शेवटपर्यंत नेलं. "पीळ माजा हाय," ती म्हणाली. "तिच्या शेवटच्या दीड वर्षातला सगळा. आधीची कधीच गंजून गेली. परवाची दोन पन मीच केली."

तौकीरने हातोडी सोफ्यावर ठेवली.

"दीड वर्ष तिला दिसत नव्हतं?"

"नाय."

"मी रोज तिच्यासमोर बसून जेवलो."

तो तिच्याकडे वळला.

"रोज म्हनायची, तौकीर, आज तुजं तोंड उतरलंय रे. म्हनायची ना? ते कसं समजायचं तिना?"

"जिन्यावरच्या पायावरनं. तुमी दमलेले असला की डावा पाय घासत येता."

तो खाली जमिनीवरच बसला, गरगुराच्या शेजारी. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. "मना सांगायचंस," एवढंच तो म्हणाला. "ऑपरेशन केलं असतं."

"व्हय. चुकलं माजं. ती गेली असती गावी, नि मना ती हवी होती."

मग त्याने गंजक्या तारेवर हात ठेवला आणि विचारलं, "मग ह्यात अम्माचं काय?"

"हात," मुनीरा म्हणाली. ती त्याच्यासमोर बसली. "मना माप समजायचं नाय. तेव्हा ती दोन्ही हात असे जोडून पुढं धरायची, आनि मी तिच्या हातांभोवती तार वळायची. बोटांपासून कोपरापर्यंत. बोटांकडं नरडं अरुंद, कोपराकडं रुंद. तासभर हात हालवायची नाय. टोक लागलं की शिवी घालायची, पन हात काढायची नाय. म्हनायची, तार हाताला चिकटली पायजे, सैल नको. ही जी आतली पोकळ जागा हाय ना, ती अम्माच्या हातांएवढी हाय. तेवढीच."

तौकीरने नरड्याकडे बघितलं. मग त्याने तळवे जोडले आणि हात आत घातले. बोटं गेली, पंजे गेले. हात मोठे होते, तरी तो रेटत राहिला. आतली टोकं वाकली, मनगटं पलीकडे गेली आणि तिथे तो अडकला. मागे ओढायला गेला तर टोकं रुतली.

"थांबा, हलू नका," मुनीरा म्हणाली. "पक्कड आनते."

"पक्कड नको."

"अवो, रक्त येतंय."

"येऊ दे. कापायचं नाय हे."

जिकरा धावत आली. "ओ माय गॉड. अब्बा इज स्टक?"

"तेलाची बाटली आन," मुनीरा म्हणाली.

"विच वन?"

"खोबऱ्याचं. दादीचं."

पोरगी पळाली. तौकीर गुडघ्यांवर बसून राहिला, दोन्ही हात जोडलेले, आईच्या हातांच्या मापात पक्के धरलेले. त्याने सुटायची धडपड सोडली. त्याच्या खांद्याला पहिल्यांदा हिसका बसला तेव्हा मुनीराला वाटलं तार जास्त रुतली. मग तिने त्याचं तोंड बघितलं. तो रडत होता, लहान मुलासारखा, नाकातून पाणी येईपर्यंत, आणि हात अडकलेले असल्यामुळे त्याला डोळे पुसता येत नव्हते.

मुनीराने ओढणीचा पदर घेतला आणि त्याचं तोंड पुसलं. जिकरा तेलाची बाटली घेऊन दारात उभी राहिली, आणि तिने ती लगेच पुढे केली नाही.